छपराखालची जागा

कंपनी वजनकाटे बनवायची. दुकानातल्या टेबलावरच्या काट्यापासून मालानं भरलेला ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं तिथं तयार व्हायचं. त्यामुळे असेल, पण तिथली माणसंही दिवसभर एकमेकांना तोलत असायची. मालकांच्या केबिनमध्ये कोण आधी गेलं, कुणाच्या चहाबरोबर बिस्किटं आली आणि कुणाला नुसताच चहा मिळाला, यावर सगळ्यांची बारीक नजर. तरी माणसाचं खरं वजन कळायचं ते त्याची गाडी कुठे उभी राहते यावरून.

मुख्य दाराच्या डाव्या हाताला पत्र्याचं छप्पर होतं. त्याखाली चार गाड्या मावत. जमिनीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, मालक, उत्पादन, हिशेब, तपासणी. ते छप्पर घातलं तेव्हा खरेदी विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल होतं, म्हणून खरेदीच्या वाट्याला काही आलं नाही. पुढे विभाग वाढला, टेबलाची केबिन झाली, केबिनला काच लागली, पण छप्पर काही लांबलं नाही. खरेदीचे प्रमुख, ज्यांना सगळे खरेदीसाहेब म्हणत, आपली गाडी अंगणाच्या पार टोकाला झाडाखाली लावत. त्या झाडावर परिसरातले झाडून सगळे पक्षी मुक्कामाला असायचे. हे पक्षी इतर कुणाच्या गाडीला काही करत नाहीत, मुद्दाम आपलीच गाडी निवडतात, असं खरेदीसाहेबांचं पक्कं मत होतं. रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी ते ओल्या फडक्याने काच पुसायचे, आणि पुसताना छपराकडे बघायचे.

जुने तपासणीप्रमुख निवृत्त होणार असं कळल्यापासून खरेदीसाहेबांच्या जिवात जीव आला होता. येता-जाता त्यांनी मालकांच्या कानावर घातलं, "नवीन माणूस येईल तो नवीनच असेल साहेब. त्याला सवय कशाला लावायची? ती जागा आता ज्येष्ठतेनं..." मालक म्हणाले, "बघू." त्या कंपनीत 'बघू' म्हणजे जवळजवळ 'हो'च धरायचा रिवाज होता. खरेदीसाहेबांनी घरी बायकोला सांगूनही टाकलं.

आणि सोमवारी सकाळी नव्या तपासणीप्रमुख आल्या त्या सायकलवरून.

साधी काळी सायकल. पुढे टोपली, मागे कॅरिअर, हँडलला घंटी. वॉचमनने त्यांना हात करून सांगितलं, "सायकली मागे, वर्कशॉपच्या भिंतीला." बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मी तपासणीची नवी प्रमुख. माझी जागा कुठली?" वॉचमन बिचारा खोटं कशाला बोलेल, त्याने पिवळ्या अक्षरांकडे बोट दाखवलं. बाईंनी सायकल नेली, अख्ख्या गाडीच्या त्या चौकोनाच्या बरोब्बर मधोमध स्टँडवर लावली, पँटच्या पायाला बांधलेली पट्टी सोडून खिशात घातली, टोपलीतली पिशवी उचलली आणि त्या आत निघाल्या.

खरेदीसाहेब तेव्हा नुकतेच झाडाखालून चालत येत होते. मोठ्या गाड्यांची ओळ आणि तिच्या टोकाला ती सायकल पाहून त्यांची पावलं झपाझप पडू लागली. तरी सभ्य माणूस, त्यांनी दारातच बाईंना गाठलं. ओळख करून घेतली, आणि मग अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "काय मॅडम, गाडी बिघडली वाटतं?"

"नाही. गाडी नाहीच माझ्याकडे. सायकलच."

"अरेरे," खरेदीसाहेब म्हणाले.

त्या दिवसापासून कंपनीला एक वेगळंच काम लागलं. गंमत म्हणजे तपासणीबाई स्वतः सायकलबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. यायच्या, सायकल लावायच्या, कामाला लागायच्या. पण त्या समोर दिसल्या की माणूस न विचारता जबानी द्यायला सुरुवात करी. हिशेबसाहेब जिन्यात भेटले की आपला गुडघा दाखवून म्हणायचे, "हा असा नसता ना मॅडम, तर मीही रोज सायकलनेच आलो असतो." उत्पादनसाहेब म्हणायचे, मला वाटेत मुलांना शाळेत सोडावं लागतं, म्हणून गाडी. त्यांची मुलं नोकरीला लागून जमाना झाला होता. बाई "हो का" म्हणून पुढे जायच्या, आणि यांना वाटायचं की आपली बाजू नीट मांडलीच गेली नाही. मग ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठायचे.

शिवाय प्रत्येकाच्या ओळखीत सायकलवरून गेलेला एक माणूस होताच. रिसेप्शनवरच्या मुलीच्या मावसबहिणीचे दीर, हिशेबसाहेबांच्या जुन्या घरमालकांचा पुतण्या, कुणी ना कुणी. सगळे मोठ्या उत्साहाने सांगायचे.

"जागच्या जागी गेले हो," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"अरेरे. कशाने?" बाईंनी विचारलं.

"मागून गाडीने उडवलं ना."

"म्हणजे चूक गाडीवाल्याची."

"गाडीवाल्याची कशी? सायकलवर हे होते ना!"

बाईंच्या पाठीमागे तर्कांना ऊत आला होता. कुणी म्हणे लायसन्स जप्त झालंय, कुणी म्हणे डोळ्यांचं काहीतरी आहे. नवऱ्याने घरातली एकुलती एक गाडी नेली आणि नवराही गेला, असं हिशेब विभागाचं मत होतं. नंतर एकदा तो नवरा बाईंचा विसरलेला चष्मा द्यायला आला. तोही सायकलवरून. तेव्हा दोघांचीही लायसन्स जप्त झाली असणार, यावर एकमत झालं.

खरेदीसाहेबांना मात्र दया येऊन भागणार नव्हतं. त्यांच्या जागेचा प्रश्न होता. रोज सकाळी सिग्नलला गाड्यांची रांग लागायची. खरेदीसाहेब काच वर करून, गार हवा सोडून, कुढत बसायचे. तेवढ्यात बाजूने ती काळी सायकल शांतपणे पुढे निघून जायची. बाई कधीकधी ओळखीचं हसायच्या. खरेदीसाहेब लगेच फोन कानाला लावून महत्त्वाचं बोलू लागायचे. फोन बंद असला तरी. आणि कंपनीत पोचून बघावं तर ती सायकल आधीच सावलीत उभी. यांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा जेवणाच्या टेबलावर सायकलचा विषय निघाला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "यात काय विशेष आहे?" ते म्हणाले. "कॉलेजात असताना मी हात सोडून चालवायचो. उतारावरून." बाकीचे जेवतच राहिले, म्हणून त्यांनी भर घातली, "मागे मित्र बसलेला असायचा." तपासणीबाईंनी घास थांबवून कौतुकाने मान हलवली. हात सोडून तर त्यांनाही जमत नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की खरेदीसाहेबांना सायकल येतच नव्हती. शाळेत असताना थोरल्या बहिणीची नवी सायकल न विचारता घेऊन ते एका उतारावर गेले होते. तळाशी पोचले ते हनुवटीवर. आईने त्याच दिवशी ती सायकल शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि ताई अख्खी सुट्टी त्यांच्याशी बोलली नाही. पुढे ते बसने हिंडले, मग एकदम गाडीच घेतली. हनुवटीवरचा व्रण झाकायला त्यांनी छोटीशी दाढी ठेवली होती. कुणी विचारलंच तर कॉलेजातल्या मारामारीचा आहे असं सांगायचे.

शेवटी त्यांनी मालकांची भेट घेतली. मुद्दे तयार होते. "साहेब, बाहेरची गिऱ्हाइकं येतात. छपराखाली सायकल बघून काय वाटेल त्यांना? तपासणीच्या प्रमुखाला हे लोक गाडी परवडेल इतकाही पगार देत नाहीत, असंच ना?"

मालकांनी मान वर केली. "रोज येतात का हो त्या सायकलने?"

"रोज. आता काय सांगावं."

"वय काय असेल?"

"असेल पन्नाशीच्या आसपास."

"आणि दम लागत नाही?"

खरेदीसाहेबांनी इथेच उठायला हवं होतं. मालक छंदी माणूस. त्यांच्या डोक्यात एक शिरलं की कंपनीभर पसरायचं. मागे एकदा त्यांनी सगळ्यांना उभ्याने काम करायला लावलं होतं. त्यानंतर सकाळचा एक तास कुणी बोलायचं नाही असा नियम आला होता, आणि त्या तासात खरेदी विभागाला फोनवर माल मागवता न आल्यामुळे स्प्रिंगांऐवजी बिजागऱ्या आल्या होत्या. आता नुकतंच डॉक्टरांनी मालकांच्या पोटावर बोट ठेवलं होतं. पण आपण कुणाचं वाईट चिंतत नाही असं दाखवायला खरेदीसाहेब बोलून गेले, "तब्येतीला उत्तमच हो साहेब. मी स्वतः कॉलेजात हात सोडून..."

"अरे वा!" मालक म्हणाले. "बघू."

पुढच्या आठवड्यात मालक सायकलवरून आले. अंगाला घट्ट बसणारे भडक रंगाचे कपडे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा. वॉचमनने त्यांना ओळखलंच नाही आणि सायकल मागे लावायला सांगितलं. त्या सायकलची किंमत हिशेबसाहेबांना माहीत होती. कुणी विचारलं की ते नुसते डोळे मिटून घ्यायचे.

मग सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून मालकांनी जाहीर केलं. छपराखालची पिवळी अक्षरं पुसायची. गाड्या सगळ्या अंगणात, उन्हात. छप्पर फक्त सायकलने येणाऱ्या प्रमुखांना. सायकली सडपातळ, त्यामुळे आता जागाही जास्त निघतील. कंपनीचा वर्धापन दिन जवळ आला होता, त्या सकाळी सगळे प्रमुख चौकापासून फाटकापर्यंत सायकलवरून मिरवत येतील, फाटकात फोटो निघेल, आणि तो फोटो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर. "आणि सगळ्यांत पुढे कोण?" मालकांनी खरेदीसाहेबांच्या खांद्यावर हात टाकला. "आमचे खरेदीसाहेब. हात सोडून!"

टाळ्या पडल्या. खरेदीसाहेबांनीही वाजवल्या.

संध्याकाळी ते अंगणात आले तेव्हा रंगारी नवे पट्टे मारून गेला होता. उत्पादन आणि हिशेबाच्या पलीकडे, अगदी दाराला लागून, ताज्या पिवळ्या रंगात लिहिलं होतं, खरेदी. इतकी वर्षं ज्या अक्षरांसाठी ते झुरले, ती अक्षरं ओली चमकत होती. खरेदीसाहेबांना भरून आलं. त्यांनी बोटाने हळूच अक्षराला स्पर्श केला, आणि घरी जाईपर्यंत स्टिअरिंगला पिवळा रंग लागला.

"तुम्ही सायकलवरून जाणार?" घरी बायकोने विचारलं.

"त्यात काय? येतेच मला."

बायकोने त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं. "ताईंनी मला लग्नातच सांगितलंय सगळं."

खरेदीसाहेब खुर्चीत बसले. एवढी वर्षं ही बाई मारामारीची गोष्ट निमूट ऐकत होती! "मग आता काय करू?" ते म्हणाले. "त्या दिवशी तब्येत बिघडली म्हणून सांगतो."

"आणि जागा?"

आजारी पडलेल्या माणसाची जागा त्या कंपनीत दोन दिवससुद्धा रिकामी राहत नसे.

"त्या बाईंना विचारा," बायको म्हणाली.

"कुठल्या?"

"रोज जेवताना ज्यांना नावं ठेवता त्या."

दुसऱ्या दिवशी खरेदीसाहेबांनी तीनदा तपासणीच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत यायचं नाटक केलं. मग एकदाचे आत शिरले. तपासणीची खोली कंपनीतली सगळ्यांत शांत खोली. काचेच्या झाकणाखाली पितळी वजनं ओळीने मांडलेली. बाई चिमट्याने एक वजन उचलून काट्यावर ठेवत होत्या. बोट लागलं तरी त्या वजनांचा भरवसा राहत नाही, म्हणून चिमटा.

"एक सांगायचं होतं," खरेदीसाहेब म्हणाले. "कुणाला बोलू नका."

"जागेचं ना?" बाईंनी काट्यावरून नजर हलवली नाही. "मी पहिल्याच आठवड्यात तुम्हाला देऊन टाकली असती हो ती जागा. सायकल काय, भिंतीला टेकवली तरी चालते. पण तुम्ही मला विचारलंच नाही. मालकांकडे गेलात."

खरेदीसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही गोष्ट इतकी सोपी होती, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. "जागा नको," ते पुटपुटले. "म्हणजे हवीच आहे. पण मला सायकल येत नाही."

बाईंनी वजन जपून परत झाकणाखाली ठेवलं. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अजिबात?"

"अजिबात."

"मग ते उतारावरून, हात सोडून, मागे मित्र?"

"मित्रही नव्हता."

बाई हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या, डोळे पुसेपर्यंत. खरेदीसाहेब दाराकडे वळले तशा म्हणाल्या, "थांबा हो. संध्याकाळी सगळे गेले की वर्कशॉपच्या मागे या. माझ्या भावाची एक जुनी सायकल पडून आहे, ती आणून ठेवते."

मागच्या अंगणात कामगारांच्या सायकली लावायची भिंत होती, मोडीत काढलेल्या काट्यांचे सांगाडे होते आणि बरीच मोकळी जागा होती. बाईंनी आधी पान्याने सायकलची दोन्ही पेडलं काढून टाकली. सीट इतकी खाली केली की खरेदीसाहेबांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. "आता पायांनी ढकलत जा," त्या म्हणाल्या. "पेडल मारायचं नावच काढायचं नाही. आधी तोल." मग इतका मोठा विभागप्रमुख, गळ्यात टाय, पाय फतकल मारल्यासारखे फाकवून, जमीन ढकलत ढकलत भंगारातून चालला. शेवटच्या पाळीचे कामगार सायकली काढायला यायचे. त्यातल्या एकाने पहिल्या दिवशी काळजीने विचारलं, "साहेब, पेडलं चोरीला गेली का?" बाकीचे आपापल्या सायकलवर टांग मारून निघून जायचे. ती टांग खरेदीसाहेब पुन्हा पुन्हा बघायचे. इतकी वर्षं ही माणसं या फाटकातून अशीच जात होती, पण खरेदीसाहेबांनी त्यांच्याकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

हळूहळू पाय जमिनीपासून जरा जास्त वेळ सुटू लागले. मग एका संध्याकाळी पेडलं परत बसली. खरेदीसाहेब दोनदा सांगाड्यांत जाऊन पडले, एकदा त्यांनी भिंत गाठली, आणि मग एकदम, त्यांना स्वतःलाही न कळता, अंगणाला एक अख्खा वळसा घालून आले. "आलं! आलं!" ते ओरडले. बाईंनी घंटी वाजवून दाद दिली. अडचण एकच राहिली. चालू करणं जमलं, चालवणं जमलं, पण थांबणं काही केल्या जमेना. ब्रेक दाबला की पाय कुठे टेकवायचा हेच सुचत नसे. मग ते भिंतीवरच्या लोखंडी कडीला हात घालून थांबायचे.

इकडे पुढच्या बाजूला सायकलींची लाट आली होती. हिशेबसाहेबांनी गुडघ्यासकट एक महागडी सायकल घेतली. उत्पादनसाहेबांनी त्याहून महाग घेतली. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही. सगळे आता तपासणीबाईंनाच समजावून सांगायचे. "मॅडम, तुमच्या सायकलला गिअर नाहीत? बाप रे. कशी चालवता?" "ही टोपली काढा हो, हवा अडते." मालकांनी फोटोसाठी सल्लागार म्हणून आणलेला एक मित्र छपराखालची रांग बघत आला, काळ्या सायकलपाशी थांबला आणि मालकांच्या कानात काही बोलला. मग वॉचमनने बाईंना ओशाळून सांगितलं, की वर्धापनदिनी तेवढी ही सायकल मागे लावा, ओळीत शोभत नाही. बाई म्हणाल्या, "बरं." खरेदीसाहेब तिथेच उभे होते. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दाराला लागून पिवळ्या अक्षरांत 'खरेदी' लिहिलेलं होतं, म्हणून ते काही बोलले नाहीत.

वर्धापनदिनाच्या सकाळी खरेदीसाहेब घरूनच त्या जुन्या सायकलवर बसले. दुसरा इलाज नव्हता. चौकात सगळ्यांसमोर चढायचं म्हणजे फजिती. बायकोने त्यांच्या पँटला पट्टी बांधून दिली आणि सीट धरून त्यांना फाटकाबाहेर काढलं. "सावकाश जा," ती म्हणाली, आणि ते गेले.

सुरुवातीला त्यांना पुढच्या चाकाशिवाय काही दिसत नव्हतं. मग मान जराशी वर झाली. रोजचाच रस्ता, पण बेकरीच्या भट्टीचा वास त्यांना आज पहिल्यांदा आला. बाल्कनीतून एक म्हातारी झाडांना पाणी घालत होती, तिच्या कुंडीतलं पाणी खाली ठिबकत होतं, ते त्यांच्या मानेवर पडलं. एक कुत्रं थोडा वेळ बरोबर धावलं आणि कंटाळून थांबलं. नेहमीच्या सिग्नलला नेमका हिरवा दिवा लागला. खरेदीसाहेबांना आनंद झाला होता. असा आनंद त्यांना मोठ्या खरेदीत भाव पाडून घेतानाही कधी झाला नव्हता, आणि तो कुणाला सांगावा हे कळत नव्हतं. शीळ घालायचा त्यांनी प्रयत्न केला, तर हँडल हललं, म्हणून तो बेत सोडला.

चौकात मात्र गर्दी होती. गाड्यांचीच. सगळे प्रमुख सायकली गाडीच्या टपावर बांधून, नाहीतर डिकीत कोंबून चौकापर्यंत आले होते. ड्रायव्हर दोऱ्या सोडत होते, मागे हॉर्न वाजत होते, बस अडकून पडली होती. हिशेबसाहेब नव्याकोऱ्या हेल्मेटचा पट्टा लावत गाडीत बसले होते. लांबून, घामाघूम, पेडल मारत येणारा माणूस कोण ते त्यांना आधी उमगेना. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"घरापासून चालवत आलात? काय साहेब, गाडी बिघडली वाटतं?"

खरेदीसाहेबांना उत्तर द्यायचं होतं. पण तोंड उघडलं तर तोल जाईल, हे त्यांना माहीत होतं. शिवाय हेच वाक्य, याच सुरात, आपण कुणाला विचारलं होतं ते त्यांना लख्ख आठवलं. अडकलेल्या गाड्यांच्या बाजूने ते तसेच पुढे निघून गेले. हिशेबसाहेबांनी फोन कानाला लावला.

फाटकात मालक उभे होते, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता. "आले, खरेदीसाहेब आले!" मालक ओरडले. "हात! हात सोडा!" खरेदीसाहेबांनी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ते फोटोग्राफरच्या बाजूने गेले, मालकांच्या पायाजवळून गेले, आणि समोर छप्पर आलं. दाराला लागून, सावलीत, पिवळी अक्षरं. खरेदी. रांगेत सगळ्यांत चांगली जागा तीच होती आणि ती त्यांची वाट बघत होती.

त्यांना थांबता येत नव्हतं, हे खरं. पण त्यांची बोटं ब्रेकवर होती आणि त्यांनी ती दाबून पाहिली नाहीत, हेही खरंच. अक्षरांवरून चाक फिरलं. छप्पर संपलं, ऊन आलं, आणि ते इमारतीला वळसा घालून मागे गेले.

मागच्या भिंतीला कामगारांच्या सायकली दाटीने लावलेल्या होत्या. तपासणीबाई आपली काळी सायकल नुकतीच लावून पँटची पट्टी सोडत होत्या. खरेदीसाहेबांनी लोखंडी कडीला हात घातला, सायकल कलली, ते एका पायावर उतरले आणि धापा टाकत उभे राहिले. पुढच्या अंगणातून मालकांचा आवाज येत होता, "अहो, गेले कुठे ते?"

बाईंनी आपली सायकल हाताने जराशी बाजूला सरकवली आणि भिंतीपाशी एका सायकलपुरती जागा करून दिली.